व्यूहनीतीचे अध्यापन आणि हुगळीचा काठ

कोलकात्याच्या दक्षिणेस, डायमंड हार्बर रस्त्यावर, जोका येथे भारतीय व्यवस्थापन संस्थेचा तळ्यांनी वेढलेला परिसर आहे. १९६१ च्या नोव्हेंबरात स्थापन झालेली ही संस्था या मालिकेतील पहिली. केंद्र व राज्य शासने, फोर्ड प्रतिष्ठान आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेचे स्लोन स्कूल यांच्या साहाय्याने ती उभी राहिली. तिच्याही आठ वर्षे आधी, १९५३ मध्ये, याच शहरात कॉलेज स्क्वेअरच्या परिसरात व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी आणखी एक संस्था निघाली होती. तिच्या लांबलचक इंग्रजी नावात 'सोशल वेल्फेअर' हे शब्द आधी येतात आणि 'बिझनेस मॅनेजमेंट' हे नंतर. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात या दोन गोष्टी एकाच पाटीवर लिहिताना कोणाला संकोच वाटला नाही, आणि त्यांचा क्रमही कोणाला उलटा वाटला नाही. पुढील सत्तर वर्षांत या देशातील व्यवस्थापन-शिक्षणाचा विस्तार अफाट झाला. परंतु त्या पाटीवरील दोन शब्दसमूहांमधील नाते मात्र पातळ होत गेले. हे नाते जेथे सर्वांत घट्ट असायला हवे, तो विषय म्हणजे व्यूहनीती, ज्याला आपण सर्रास 'स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट' म्हणतो. या विषयाचे अध्यापन कसे व्हावे, हा प्रश्न केवळ व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांचा नाही. तो वाङ्मयाच्या अभ्यासकांचाही आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

विषयाचा इतिहास थोडक्यात असा. हार्वर्ड येथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात 'बिझनेस पॉलिसी' या नावाने तो सुरू झाला. १९५९ साली फोर्ड प्रतिष्ठानासाठी गॉर्डन व हॉवेल यांनी केलेल्या पाहणीने त्याला अभ्यासक्रमाच्या शेवटी, कळसाच्या जागी, बसवले. हिशेब, विक्री, उत्पादन, माणसे हे सारे वेगवेगळे शिकलेल्या विद्यार्थ्याने अखेरीस संपूर्ण संस्थेचा एकत्र विचार करावा, हा त्यामागील हेतू. १९६२ मध्ये आल्फ्रेड चँडलर यांचा, १९६५ मध्ये इगोर अ‍ॅन्सॉफ यांचा आणि १९८० मध्ये मायकेल पोर्टर यांचा ग्रंथ आला. १९७९ च्या सुमारास 'पॉलिसी' हे नाव मागे पडून 'स्ट्रॅटेजी' हे नाव स्थिरावले. नावातील हा बदल वरवरचा नाही. 'पॉलिसी' या शब्दाला नागरी शासनाचा वास आहे. 'स्ट्रॅटेजी' हा सेनापतीचा शब्द आहे. कळसाच्या जागी बसवलेल्या विषयाने धोरणी कारभाऱ्याची पगडी उतरवून सेनानीचे शिरस्त्राण चढवले, आणि प्रतिस्पर्धी हा शत्रू झाला.

मराठीत हा भेद अधिक स्पष्ट दिसतो, कारण आपल्याकडे या एका कल्पनेसाठी अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचे नैतिक वजन आहे. 'धोरणी' माणूस हा आदराचा विषय असतो. 'डावपेची' माणसापासून लोक दोन हात दूर राहतात, जरी डाव आणि पेच हे दोन्ही शब्द आखाड्यातून, म्हणजे नियमांनी बांधलेल्या खेळातून, आलेले आहेत. 'व्यूह' हा शब्द सैन्याच्या रचनेचा. आणि 'गनिमी कावा' हा तर सर्वांत बोलका. शब्दाची फोड केली तर त्याचा अर्थ होतो शत्रूचा कावा. ज्या युद्धपद्धतीचा मराठी मनाला सर्वाधिक अभिमान, तिचे नावच मुळी समोरच्या पक्षाच्या तोंडचे आहे. त्याच्या दृष्टीने जो गनीम, त्याने ते नाव भूषण म्हणून स्वीकारले. व्यूहनीतीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर ही गोष्ट लिहावी अशी आहे: प्रत्येक व्यूहनीतीला दोन नावे असतात, एक ती आखणाऱ्याने दिलेले आणि दुसरे ती सोसणाऱ्याने दिलेले.

व्यवस्थापनाच्या वर्गात मात्र बहुधा एकच नाव ऐकू येते. या विषयाचे प्रमुख अध्यापन-साधन म्हणजे 'केस'. दहा-वीस पानांचे एक गद्य निवेदन. त्यात एखादी कंपनी, तिचा इतिहास, बाजाराची स्थिती, आकड्यांचे तक्ते, आणि मध्यभागी निर्णयाच्या उंबरठ्यावर उभा असलेला एक अधिकारी. निर्णयाच्या आदल्या रात्री निवेदन थांबते आणि विद्यार्थ्याला विचारले जाते, की त्याच्या जागी तुम्ही काय कराल? ही पद्धत सामर्थ्यवान आहे यात शंका नाही. अपुऱ्या माहितीवर, मर्यादित वेळात, जबाबदारी घेऊन निर्णय करण्याची सवय ती लावते; व्याख्यानांच्या टिपणांवर पोसलेल्या आपल्या शिक्षणव्यवस्थेत ही सवय दुर्मिळच आहे. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्या निवेदनात काही परिचित गोष्टी दिसतात. त्यात नायक आहे. त्यात दृष्टिकोन आहे, आणि तो सदैव नायकाच्या खुर्चीतून दिसणाऱ्या खिडकीचा आहे. त्यात एक निवडलेला शेवट आहे. आणि त्यात मौन बाळगणारी पात्रे आहेत, ज्यांचा उल्लेख 'कामगार', 'स्थानिक लोक', 'संबंधित घटक' असा समूहवाचक नामाने होतो. कादंबरी वाचताना निवेदकावर किती विश्वास ठेवावा हे विचारायला आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. पुढे हजारो माणसांच्या उपजीविकेवर निर्णय घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न कोणी शिकवत नाही.

यावर केवळ तात्त्विक चर्चा करण्याऐवजी कोलकात्याच्या उशाशी असलेल्या एका जिल्ह्याकडे पाहणे अधिक फलदायी ठरेल. हुगळी जिल्ह्यातील रिषडा, उत्तरपाडा आणि सिंगूर ही तीन ठिकाणे एका दिवसात पाहून होतात. व्यूहनीतीचा जवळजवळ संपूर्ण अभ्यासक्रम या तीन ठिकाणी उघडा पडलेला आहे.

रिषडा येथे १८५५ मध्ये बंगालमधील पहिली ताग-गिरणी निघाली. पुढील शंभर वर्षांत हुगळीच्या दोन्ही काठांवर गिरण्यांची रांग उभी राहिली आणि कोलकात्यातील ब्रिटिश मॅनेजिंग एजन्सींनी त्यांवर राज्य केले. १९४७ च्या फाळणीने एका रात्रीत तागाची उत्तम शेते पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या पश्चिम बंगालमध्ये राहिल्या. त्यानंतर कृत्रिम धाग्याच्या पिशव्या आल्या. १९८७ च्या कायद्याने विशिष्ट मालासाठी तागाची बांधणी सक्तीची केली, आणि शासनाचे गिऱ्हाईकत्व हाच या धंद्याचा मोठा आधार होऊन बसला. बाह्य परिस्थिती, कच्च्या मालावरील ताबा, पर्यायी वस्तूंचा धोका ही पाठ्यपुस्तकातील सारी प्रकरणे येथे क्रमाने घडली.

उत्तरपाड्याची कथा वेगळी आहे. तेथे हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना १९४८ पासून होता. त्याच्या नावाने हिंद मोटर हे रेल्वे स्थानकही आहे. मॉरिस ऑक्सफर्डच्या बेतावर बनलेली अ‍ॅम्बॅसडर मोटार १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथून बाहेर पडू लागली. परवाना-पद्धतीच्या भिंतीआड ती पंचवीस वर्षे जवळजवळ निर्धास्त राहिली. मंत्र्यांची मोटार तीच आणि कोलकात्याची पिवळी टॅक्सीही तीच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली. अ‍ॅम्बॅसडरचे बाह्यरूप फारसे न बदलता आणखी तीन दशके गेली, आणि २०१४ च्या मे महिन्यात कारखान्याचे काम थांबले. हे उदाहरण मुद्दाम द्यावयास हवे. व्यूहनीतीवर टीका करणारा वाङ्मयाचा अभ्यासक सहज अशा भ्रमात राहतो, की कंपन्यांनी डावपेच सोडले तर कामगार सुखी होतील. उत्तरपाड्याचा कामगार डावपेचांमुळे रस्त्यावर आला नाही. तो डावपेचांच्या अभावामुळे आला. बाजार बदलतो आहे हे ज्यांनी ओळखायचे त्यांनी वेळीच ओळखून वेळीच हालचाल केली नाही, तर त्याची किंमत सर्वांत आधी यंत्राशेजारी उभा असलेला माणूस मोजतो. तेव्हा या विषयाची गरज आहे का, असा प्रश्नच नाही. तो चांगला शिकवला जावा, एवढाच आग्रह आहे.

आता सिंगूर. २००६ च्या मे महिन्यात, विधानसभेच्या २९४ पैकी २३५ जागा जिंकून आलेल्या डाव्या आघाडीच्या सरकारने तेथे टाटा मोटर्सच्या लहान मोटारीचा कारखाना होणार असल्याचे जाहीर केले. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याखाली सुमारे ९९७ एकर जमीन घेतली गेली. जमीन रस्त्यालगत होती, महानगर जवळ होते, सरकार अनुकूल होते. कोणत्याही विद्यार्थ्याने तक्ता मांडला असता तर सर्व रकान्यांत सोयीच्याच खुणा पडल्या असत्या. अनेक शेतकऱ्यांनी मोबदला घेतला. मुलाला नोकरी मिळेल या आशेने संमती देणारेही होते. परंतु अनेकांनी धनादेश उचलला नाही. बंगाली वृत्तपत्रांनी त्यांना नाव दिले 'अनिच्छुक चाषी'. अनिच्छुक हा शब्द मराठीतही जसाच्या तसा आहे, आणि या सबंध प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा आकडा कोणता असेल, तर तो या एका विशेषणात दडलेला होता. खेरीज, ज्या बर्गादारांची, म्हणजे वाट्याने जमीन कसणाऱ्यांची, नोंद झालेली नव्हती ते आणि शेतमजूर हे ना इच्छुक होते ना अनिच्छुक. कारण त्यांना कोणी विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २००८ च्या ३ ऑक्टोबरला टाटांनी सिंगूर सोडल्याचे जाहीर केले. कारखाना गुजरातेत सानंद येथे गेला. २०११ मध्ये चौतीस वर्षांची डावी राजवट गेली. २०१६ च्या ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने संपादन रद्द ठरवून जमीन परत करण्याचा आदेश दिला. परंतु काँक्रीटच्या पायांखाली गेलेली जमीन पुन्हा नांगराखाली येणे सोपे नव्हते. ज्या मोटारीसाठी हे सारे घडले ती नॅनोही एक दशक पुरे करण्याच्या आतबाहेर बंद पडली. २०२३ च्या ऑक्टोबरात लवादाने राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने टाटा मोटर्सला ७६५ कोटी ७८ लाख रुपये व त्यावरील व्याज द्यावे असा निवाडा दिला.

या प्रकरणाची 'केस' २००६ मध्ये लिहिली असती तर ती जागेच्या योग्य निवडीची कथा झाली असती. २००८ मध्ये लिहिली तर राजकीय धोक्याची आणि चपळ स्थलांतराची. २०११ मध्ये सत्ताबदलाची. २०१६ मध्ये कायद्याची. २०२३ मध्ये कराराच्या कलमांची. शेवट कोठे केला यावर कथेचा अर्थ ठरतो, हे कथाशास्त्राचे पहिले सूत्र. पण जे कधीच नायक होत नाहीत त्यांच्या दृष्टीने यांपैकी कोणताही शेवट हा शेवट नाही. ज्याने जमीन दिली त्याला नोकरी मिळाली नाही. ज्याने दिली नाही त्याला जमीन परत मिळाली तरी ती पूर्वीची राहिली नाही. आणि ज्याची जमीनच नव्हती त्याचे नाव कोणत्याही निकालात नाही. कंपनी स्थलांतर करू शकते. जिल्हा करू शकत नाही.

हुगळी जिल्ह्याला चौथाही एक धडा आहे आणि तो मराठी वाचकाला अधिक जवळचा, म्हणून अधिक अवघड आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये शिरल्या आणि त्याच वर्षी हुगळी शहर त्यांच्या ताब्यात गेले. इंग्रजांनी घाबरून कोलकात्याभोवती जो खंदक खणायला घेतला त्याचे नावच 'मराठा डिच'. तो पुरा झाला नाही आणि पुढे बुजवून त्यावरून रस्ता निघाला. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दीखानाने भास्करपंतांना भेटीस बोलावून मारले. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने भोसल्यांना चौथाईपोटी वार्षिक बारा लक्ष रुपये आणि ओरिसावरील प्रत्यक्ष सत्ता मिळाली. नागपूरच्या जमाखर्चात ही यशस्वी व्यूहनीती होय: चपळ घोडदळ, शत्रूच्या रसदेवर घाव, मोठी लढाई टाळून प्रतिपक्षाला खर्चात पाडणे, आणि अखेरीस कायम उत्पन्नाची सोय. पोर्टर यांच्या परिभाषेत तिचे सुंदर विश्लेषण करता येईल.

बंगालने मात्र तिला वेगळे नाव दिले. सरकारी घोड्यावर बसणारा स्वार तो आपला बारगीर. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला, आणि बर्गी म्हणजे ज्याच्या नावाने मुलांना निजवतात ते भय. तहाच्याच वर्षी, १७५१ मध्ये, गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्रपुराण' हे बंगाली काव्य रचले. त्यात गाव सोडून पळणाऱ्यांची एक दीर्घ यादी येते. प्रत्येक व्यवसायाचा माणूस आपापल्या धंद्याचे साधन उचलून निघाला आहे: पंडित पोथ्या घेऊन, व्यापारी तराजू घेऊन. नागपूरच्या जमाखर्चात बारा लक्षांचा जो आकडा आहे, त्याची दुसरी बाजू ही यादी आहे. दोन्ही दस्तऐवज एकाच व्यूहनीतीचे आहेत. आज महाराष्ट्रात ऐतिहासिक युद्धनीतीवरून व्यवस्थापनाचे धडे देणारी व्याख्याने रंगतात. त्यांतील एखादे कोलकात्याच्या वर्गात द्यावयाचे झाले, तर व्याख्यात्याला प्रथम गंगाराम वाचावा लागेल. तसे झाले तर व्याख्यानाचा उत्साह थोडा कमी होईल, पण त्याची योग्यता वाढेल.

आणि गंमत अशी, की या धड्याचे उत्तरही मराठीतच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'चा काळ बंगालवरील स्वाऱ्यांच्या सुमारे तीस वर्षे आधीचा. राज्य कसे राखावे याचा तो व्यावहारिक ग्रंथ. दुर्ग, वतने, सावकार, आरमार अशी त्याची प्रकरणे. आरमाराला लाकूड लागते. त्या संदर्भात अमात्य बजावतात, की रयतेची आंब्याफणसाची झाडे कामाची असली तरी त्यांना हात लावू नये. ती एका-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती मायेने वाढवलेली असतात, आणि त्यांचे दुःख राज्याला बाधते. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे; बळजोरी सर्वथा करू नये. हे प्रेमळ उद्गार नव्हेत. आरमाराचे गणित मांडणाऱ्या कारभाऱ्याने केलेला हा खर्चाचा हिशेब आहे. त्याने फक्त खर्चाच्या बाजूला आणखी एक रकाना आखला आहे. 'राजी' हा त्याचा शब्द आणि सिंगूरचा 'अनिच्छुक' हा शब्द समोरासमोर ठेवून पाहावेत. आज्ञापत्र ज्या मराठेशाहीत लिहिले गेले तिच्याच एका सरदाराची फौज तीस वर्षांत बंगालमध्ये काय करीत होती, हेही त्याच वेळी आठवावे. चांगला ग्रंथ असणे आणि तो वाचला जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

व्यवस्थापनाचे अध्यापक येथे एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. विश्लेषणाला सीमा लागते. कंपनीचा अधिकारी भागधारकांना जबाबदार असतो. जगातील सर्व दुःखांचा हिशेब त्याने मांडायचा म्हटले तर निर्णय कधीच होणार नाही. करुणा ही व्यूहनीती नव्हे. हे सारे मान्य करूनही सिंगूरचा प्रश्न उरतो, कारण तेथे फसली ती करुणा नव्हे, विश्लेषणच फसले. शेतकऱ्याची अनिच्छा हा भावनेचा विषय मानून तक्त्याबाहेर ठेवला गेला आणि तोच निर्णायक ठरला. समोरच्याच्या बाजूने पाहता येणे हे प्रथम बुद्धीचे काम आहे. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत. त्या समजुतीला अडाणीपणा म्हणून सोडून देता आले असते. किर्लोस्करांनी तसे केले नाही. ते थांबले, शेतकऱ्याला नांगर चालवून दाखवला, आणि बाजार हळूहळू तयार केला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले; कारखान्याच्या मालाची वार्ता देणारे ते पत्र पुढे महाराष्ट्रातील एक प्रमुख मासिक झाले आणि १९३० मध्ये त्याच घरातून 'स्त्री' निघाले. आपल्या गिऱ्हाइकाची भाषा वाचणारा आणि लिहिणारा कारखाना, हे उदाहरण कोणत्याही परदेशी केसपेक्षा कमी प्रतीचे नाही.

तेव्हा सूचना साध्या आहेत आणि त्यांना इमारती अगर अनुदाने लागत नाहीत. पहिली: प्रत्येक केसबरोबर दुसऱ्या बाजूचा किमान एक दस्तऐवज वाचला जावा, निवेदन, न्यायालयातील प्रतिज्ञापत्र, युनियनचे पत्रक, वृत्तपत्रातील पत्र, काहीही, आणि तो शक्यतो त्या माणसाच्या स्वतःच्या भाषेत. दुसरी: केस कोणत्या साली लिहिली आणि पाच वर्षांनी लिहिली असती तर तिचा शेवट काय झाला असता, हा प्रश्न प्रत्येक चर्चेत यावा. तिसरी: वर्षातून एका निर्णयाचे स्पष्टीकरण विद्यार्थ्याने आपल्या मातृभाषेत लिहावे, आणि ते संचालक मंडळाला उद्देशून नव्हे, तर त्या निर्णयाने ज्याचे जीवन बदलणार आहे अशा एका माणसाला उद्देशून. नागपूरहून किंवा नाशिकहून जोक्याला गेलेल्या मुलाला 'ऑप्टिमायझेशन' या शब्दाने जे सहज झाकता येते, ते मराठीत शेतकऱ्याला सांगताना झाकता येणार नाही. भाषांतर ही येथे परीक्षा ठरेल. जो निर्णय भाषांतरात टिकत नाही, तो बहुधा जमिनीवरही टिकत नाही.

वाङ्मयाच्या विभागांनीही आपली वाट थोडी सोडली पाहिजे. याच शहरात, जादवपूर येथे, १९५६ मध्ये बुद्धदेव बसूंनी देशातील पहिला तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला. जादवपूर आणि जोका यांच्यातील अंतर काही किलोमीटरचे आहे. एकीकडे निवेदकाला प्रश्न विचारण्याची विद्या आहे, दुसरीकडे निर्णयाचे ओझे उचलण्याची. पहिली विद्या ओझ्याशिवाय पोकळ होते, दुसरी प्रश्नाशिवाय आंधळी. हे अंतर कापण्यासाठी रस्ता नवा बांधावा लागणार नाही. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी एकदा एकत्र हुगळीचा काठ धरून रिषड्यापर्यंत आणि तेथून सिंगूरपर्यंत जावे, बंद फाटके आणि परत मिळालेली शेते पाहावीत, आणि परतताना प्रत्येकाने विचारावे, की ही कथा कोणी सांगितली आणि कोणाला सांगू दिली नाही.